जीव घाबरतो तेव्हा : श्वास मोठा नको, सावकाश हवा

मृग कोरडा गेला, पेरणी खोळंबली किंवा बारावीचा निकाल जवळ आला, की एका तक्रारीचे रुग्ण माझ्या दवाखान्यात हमखास वाढतात. "डॉक्टरसाहेब, जीव लय घाबरते, छातीत धडधड करते, हातापायाले मुंग्या येतात. आता काही खरं नाही असं वाटते." सोबतचे नातेवाईक म्हणतात, "एक सलाईन लावून द्या." सलाईनने शरीराला पाणी आणि मीठ मिळते, भीती मात्र तशीच राहते.

आधी हृदयाची खात्री

छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, चालताना दम लागणे, अशी लक्षणे असल्यास "टेन्शन असेल" म्हणून घरी थांबू नये. चाळिशीनंतर आणि मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तर ताबडतोब ई.सी.जी. काढावा. थायरॉईडचा दोष, रक्त कमी असणे आणि दमा यांतही धडधड होते किंवा धाप लागते. हे सर्व तपासून झाल्यावरच भीतीच्या झटक्याचे निदान करावे.

असे का होते?

धोका दिसला की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रिनलिन वाढते, नाडी जलद होते, श्वास भराभर सुरू होतो. शेतात साप दिसला तर ही तयारी उपयोगाची असते. परंतु सोसायटीच्या कर्जाची नोटीस समोर असताना माणूस पळत नाही, बसल्या जागी धापा टाकतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साईड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठांना व बोटांना मुंग्या येतात, कधी बोटे वाकडी होतात. ते पाहून रुग्ण आणखी घाबरतो, आणखी जोरात श्वास घेतो आणि चक्र वाढत जाते. हा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि नंतर आपोआप ओसरतो.

अशा वेळी जवळची मंडळी "जोरात श्वास घे, मोठा श्वास घे" असे सांगतात. हेतू चांगला असतो, पण त्याने त्रास वाढतो. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा उपायही करू नये. दमा किंवा हृदयविकार असेल तर तो घातक ठरू शकतो.

काय करावे?

पाठ टेकून बसावे व एक हात पोटावर ठेवावा. नाकाने मनात चार अंक मोजेपर्यंत हलकेच श्वास घ्यावा. पोट वर आले पाहिजे. मग सहा अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा. श्वास रोखू नये, जोर लावू नये. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती उतरते. मनगटावर नाडी धरून पाहा, कित्येकांना हा फरक बोटांना जाणवतो. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे, मन शांत असताना हा सराव करावा. विहीर आग लागण्यापूर्वीच खोदावी लागते.

दुसरा भाग सजगतेचा. श्वास मोजताना मन कर्जाकडे, मुलीच्या लग्नाकडे धावणारच. त्याला दटावू नका. "हा कर्जाचा विचार आला" एवढी मनात नोंद करा आणि पुन्हा श्वासाकडे या. आपल्याकडे विपश्यना शिबिरांतील आनापान अनेकांना परिचित आहे. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र 1976 पासून ते शिकवते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात सजगतेचा अभ्यासक्रम रुग्णांसाठी सुरू केला. ज्यांना बसणे जमत नाही त्यांनी कापूस वेचताना बोटांकडे, चालताना पावलांकडे लक्ष ठेवावे.

केवळ श्वास पुरेसा नसतो

श्वासाने पाऊस येत नाही आणि कर्ज फिटत नाही. परंतु घाबरलेल्या मनाने घेतलेला निर्णय टाळता येतो, आणि आपल्या वऱ्हाडात या गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण सुटले, कामात मन लागेना, तर उपचार घ्यावेत. मनाने झोपेच्या गोळ्या आणू नयेत, त्यांची सवय लागते. दारूने भीती रात्रीपुरती दबते आणि सकाळी दुप्पट होते. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलणे सुरू केले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असणाऱ्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 18 महिन्यांत 27.2 टक्क्यांवर गेले. म्हणजे कोणी आपुलकीने विचारले तर आपली माणसे बोलतात.

घरातील कोणी "आता जगून काय करू" म्हणत असेल तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, फवारणीच्या औषधांचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा. 'टेली-मानस'च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक आजच घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावा.