परिचारिकांचे कामाचे तास : आठ की बारा?

रुग्णालयाचे काम चोवीस तास अखंड चालते. ते चालविणारी माणसे मात्र बदलावी लागतात. हा बदल दिवसातून तीनदा व्हावा की दोनदा, म्हणजेच परिचारिकेने सलग आठ तास काम करावे की बारा तास, हा प्रश्न वरकरणी केवळ हजेरीपत्रकाचा वाटतो. वस्तुतः रुग्णाची सुरक्षितता आणि परिचारिकेचे आरोग्य या दोहोंशी त्याचा निकटचा संबंध आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या पुणे रस्त्यावरील केडगाव या उपनगराचे उदाहरण घेता येईल. (दौंड तालुक्यातील रेल्वे स्थानकाचे केडगाव ते निराळे.) जिल्हा रुग्णालय आणि बूथ रुग्णालय यांसारख्या मोठ्या संस्था मुख्य शहरात आहेत. केडगावात राहून शहरात कामावर जाणाऱ्या परिचारिकेला पाळी किती तासांची, याइतकेच ती किती वाजता सुटते हेही महत्त्वाचे असते. दिवसाचे तीन समान भाग केले, तर एक पाळी रात्री दहा-अकराच्या सुमारास सुटणार. त्या वेळी घरी परतायला वाहन मिळेलच असे नाही. अनेक शासकीय रुग्णालयांत रूढ असलेल्या व्यवस्थेचे मर्म येथे कळते. सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशी ही विभागणी असते. अपरात्रीचा प्रवास टळतो, ही तिची मोठी सोय. परंतु दिवसा सहा तास आणि रात्री बारा, अशा या मांडणीत सर्वांत दीर्घ पाळी नेमकी शरीर विश्रांती मागते त्याच वेळी येते. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान माणसाची सावधानता सर्वांत मंदावते. आणि याच वेळी एकटीदुकटी परिचारिका संपूर्ण कक्ष सांभाळीत असते.

दीर्घ पाळीने मनुष्यबळ वाचते, असे पुष्कळदा सांगितले जाते. याची साधी आकडेमोड करून पाहावी. कक्षातील एक जागा आठवडाभर भरलेली ठेवायची, तर १६८ तास काम होते. प्रत्येकीने आठवड्यास ४८ तास काम केले, तर साडेतीन परिचारिका लागतात. दोन जागांना सात. पाळी आठ तासांची असो वा बारा तासांची, हा हिशेब बदलत नाही. बारा तासांच्या पाळीत आठवड्यास चारच दिवस काम द्यावयास हवे, एवढेच. मात्र त्याच परिचारिकेला सहा दिवस बोलाविले, तर तिचे ७२ तास भरतात आणि दोन जागांचे काम पाच जणींतच भागते. खरी बचत होते ती येथे, आणि ती पाळी लांबविल्यामुळे नव्हे, तर सुटीचे दिवस न दिल्यामुळे. बारा तासांच्या पाळीचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा ‘आठवड्यातील दिवस किती?’ हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

अमेरिकेत ३९३ परिचारिकांनी आपल्या ५,३१७ पाळ्यांची नोंद ठेवली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, साडेबारा तास वा त्याहून अधिक काळ चाललेल्या पाळीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढलेली आढळली. युरोपातील १२ देशांच्या ४८८ रुग्णालयांतील पाहणीत (२०१४) बारा तास व त्याहून दीर्घ पाळी करणाऱ्या परिचारिकांनी सेवेचा दर्जा कमी असल्याचे आणि कामे अपुरी राहत असल्याचे अधिक प्रमाणात नोंदविले. गंमत अशी की, अमेरिकेतील चार राज्यांच्या २०१२ च्या अभ्यासात दीर्घ पाळीमुळे शीण आणि कामाचा उबग वाढल्याचे दिसले, तरी ८० टक्क्यांहून अधिक परिचारिका आपल्या वेळापत्रकावर समाधानी होत्या. यात नवल नाही. येण्याजाण्याचे हेलपाटे कमी होतात, घरासाठी सलग दिवस मिळतात. थकवा मात्र हजेरीपत्रकावर उमटत नाही.

दीर्घ पाळीच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो कार्यभार देण्याघेण्याचा. कोणत्या खाटेवरील रुग्णाला कोणते औषध केव्हा दिले, सलाईन किती उरले, रक्तदाब कधी पाहायचा, हे प्रत्येक पाळीबदलात नव्या परिचारिकेला समजावून द्यावे लागते. पाळ्या तीनऐवजी दोन असल्या की, माहिती निसटण्याचा एक प्रसंग कमी होतो. तथापि येणारी आणि जाणारी अशा दोघी अर्धा तास एकत्र राहून खाटेगणिक फिरल्या, तर ही उणीव भरून निघते. या अर्ध्या तासाची गणना कामाच्या वेळेत व्हावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये परिचर्या कर्मचाऱ्यांविषयी केलेल्या शिफारशीत दैनंदिन काम सामान्यतः आठ तासांचे, जादा कामासह बारा तासांच्या आत, आणि दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची सलग विश्रांती, असे सुचविले आहे. दुपारची पाळी आठ वाजता संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर होणाऱ्या परिचारिकेला हे बारा तास कागदोपत्री मिळतात. केडगावला जाणे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, पहाटेचे पाणी भरणे आणि पुन्हा शहरात येणे, हे सारे त्याच बारा तासांत बसवावे लागते.