कोरड्या फडक्याला आधी रजा दे

अगं, नवी गाडी घेतलीस, तीही गडद रंगाची, आणि एरंडोलहून जळगावला नोकरीसाठी रोज स्वतः चालवत जाणार आहेस. मला याचा किती आनंद झालाय, ते तुला माहीत आहे. म्हणूनच एक गोष्ट कळकळीनं सांगते. जावईबापूंना सकाळी उठल्या उठल्या कोरड्या फडक्यानं गाडी पुसायची हौस आहे ना, ती आत्ताच थांबव. प्रेमानं सांग, पण थांबव. रंग नुसत्या धुळीनं जात नाही. धूळ बसलेली असताना तिच्यावरून हात फिरवला, की जातो.

आपल्याकडची धूळ काय कमी आहे का! गावाला लागून हायवे, पूर्वीचा ६ नंबर, आताचा ५३. फागणे ते तरसोद चौपदरीकरणाच्या काळात तिथून येणारी प्रत्येक गाडी मुरुमाच्या रंगाची होऊन यायची. शिवाय चैत्र-वैशाखातल्या वावटळी आणि शेतरस्त्यांची काळी माती. ती माती एकटी असती तर निभावलं असतं. पण तिच्यात खडीची कच आणि बारीक वाळू मिसळलेली असते, आणि वाळूतली गारगोटी काचेवरसुद्धा ओरखडा काढते. डोळ्यात कचरा गेला तर आपण चोळतो का? आधी पाणी मारतो. गाडीचंही तसंच.

रंगाचं गणित एकदा समजून घे, म्हणजे बाकीचं मी सांगायचीही गरज नाही. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक सगळी त्याचीच, आणि त्याची जाडी मात्र साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग. जुन्या अँबॅसिडरला, पद्मिनीला पॉलिश मारलं की फडक्याला रंग लागायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. आपल्या वडीलधाऱ्यांना ‘घासलं की चमकतं’ ही सवय तिथूनच लागली. आताच्या गाडीचा वरचा थर झिजला की झिजला, तो परत येत नाही. काळ्या किंवा मरून गाडीवर उन्हात बारीक बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं ना, ते बहुतेक वेळा रोजच्या पुसण्याचंच असतं.

तर धुवायची कशी? सकाळी लवकर, किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा बॉनेटवर हात ठेववत नाही. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू जागीच सुकतो आणि त्याचे डाग राहतात. आधी चाकं धुऊन घे. त्यांची बादली वेगळी, फडकं वेगळं, आणि ते फडकं चुकूनही बॉनेटवर जाऊ देऊ नकोस, कारण चाकांवर ब्रेकच्या लोखंडाचा चुरा बसलेला असतो. मग टपापासून खाली नुसतं पाणी सोड, भरपूर आणि सावकाश. पावसाळ्यात काळा चिखल वाळून घट्ट बसतो, त्याला नखानं खरवडू नकोस. पाणी मारून थोडं थांब, भिजला की आपोआप सुटतो. निम्मी धुलाई या भिजवण्यातच होते, आणि घाईची माणसं नेमकी तीच गाळतात.

मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून कचरा काढायचा आणि मगच परत शाम्पूत घालायचा. एकाच बादलीत काम केलंस तर टपावरची वाळू दारावर चोळशील. वरून खाली ये. चाकांच्या वरचा भाग आणि दारांच्या खालच्या कडा शेवटी. दाबायचं नाही आणि गोल गोल घासायचं नाही, सरळ हात फिरव. मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाजूला ठेव. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण नको, दोन्ही रंगावरचं वॅक्स काढून टाकतात. काथ्या आणि तारेची घासणी तर गाडीच्या आसपासही नको. कुणी डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारून चमक आणायला सांगेल, त्याचं ऐकू नकोस. तेलकट पत्र्यावर धूळ जास्त चिकटते आणि दारांची रबरं खराब होतात.

पाण्याबद्दल मात्र मला जास्त काळजी आहे. बोअरचं पाणी जड. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, पांढरे ठिपके होऊन. उन्हात ते पक्के बसले की नुसत्या शाम्पूनं निघत नाहीत. म्हणून शेवटचं पाणी शक्यतो नळाचं घे, आणि वाळायची वाट न बघता लगेच मऊ, कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घे. घरच्या आरओ मशिनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक त्यानं गाडी धुतात. हेतू चांगला आहे, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते पाणी फरशीला वापर. आणि अंजनी नदीच्या पात्रात गाडी नेऊन धुवायचं मनातही आणू नकोस. गाडीचं तेल, ग्रीस त्याच पाण्यात जातं, जिथे गुरं पाणी पितात.

पक्ष्यांची विष्ठा दिसली तर रविवारची वाट बघू नकोस, त्यातली आम्लं उन्हात रंगावर ठसा उमटवतात. ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेव आणि मग अलगद उचल. झाडाचा चीकही तसाच, ताजा असतानाच काढ.

वॉशिंग सेंटरला गेलीस तर पाण्याची गन निदान हातभर लांब धरायला सांग, आणि स्पंज स्वतःचा ने. तिथला स्पंज आधी कुणाच्या ट्रॅक्टरवरून फिरलाय, ते कोण बघतं! लाजू नकोस, गाडी तुझी आहे.

पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला नवी गाडी नेशीलच, पुढे खंडेनवमी-दसऱ्यालाही पूजा होईल. कुंकवाचं स्वस्तिक जरूर काढ, पण त्याच संध्याकाळी पाण्यानं धुऊन टाक. झेंडूचा हार तारेचा नको, दोऱ्यात ओवलेला घे, आणि चिकटपट्टीनं तर मुळीच लावू नकोस. आणि हो, मी पाठवलेली मायक्रोफायबरची फडकी बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, आणि बाभळीच्या कुंपणावर वाळत घालायची नाहीत. काटे आणि कुसळं त्यांच्या लवीत अडकतात, ती हाताला लागत नाहीत, पण रंगाला लागतात.