एकच लेन्स घ्यायची तर

अगं, दुकानात जायच्या आधी लॅपटॉप उघड. मागच्या सहलींचे फोटो काढ आणि प्रत्येकाची फोकल लेंथ बघ. तुझी किट लेन्स ५५ मिमीला संपते. बरेच फोटो त्या टोकाशी अडलेले दिसले तर तुला लांबचा पल्ला हवा आहे. बहुतेक १८ वर असले तर मोठ्या झूमवर पैसे घालू नकोस, आहे ती लेन्स पुरे.

पल्ला हवाच असेल, तर कॅननची १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४०, तुझी बॉडी ज्या कंपनीची असेल तिची. दोन्ही साधारण अर्ध्या किलोच्या. वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात मागे सरकायला फारशी जागा मिळत नाही, तिथे १८ लागतंच. कासला सीतेच्या आसवांचा जांभळा ताटवा पायवाट न सोडता टिपायचा, तर १३५ कामी येतं. भिगवणचे रोहित मात्र यात ठिपक्याएवढेच येणार, हे आधीच मान्य कर. टॅमरॉनची १८-४०० मिळते, पण ती सातशे ग्रॅमच्या वर जाते आणि लांबच्या टोकाला तिचं अ‍ॅपर्चर एफ ६.३ वर येतं. गड चढायची हौस असलेल्या माणसाने ती गळ्यात घालू नये.

या लेन्सची उणीव एकच, अंधार. अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही. तरी पद्मपाणी जागचा हलत नाही, त्यामुळे तिथे स्टॅबिलायझर साथ देतो. कोपरं बरगड्यांना टेकव, श्वास रोख आणि सलग तीन-चार फोटो घे, एखादा तरी स्थिर येतो. पण संध्याकाळी नाचणारी दिंडी टिपायची असेल तर स्टॅबिलायझरचा काही उपयोग नाही. तो तुझ्या हाताचा थरकाप सावरतो, वारकऱ्यांची पावलं थांबवत नाही. तिथे उजेडच जास्त लागतो, आणि एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणून पुढच्या वर्षी एक छोटी ३५ किंवा ५० एफ १.८ घे. छोट्या सेन्सरवर ५० घरात अडचणीची होते, म्हणून ३५ परवडत असेल तर तीच.

नवी कोरी लेन्स हवीच असा हट्ट धरू नकोस. डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळलेल्यांच्या चांगल्या लेन्स मुंबईत बोरा बाजारात बघायला मिळतात. फक्त तपासून घे. दोन्ही झाकणं काढ, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मार आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघ. धुळीचे दोन-चार कण दिसले तर घाबरू नकोस. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त देत असला तरी तिथून ऊठ. मग तुझी बॉडी लाव आणि छापील अक्षरांच्या पाटीचा समोरून फोटो काढ, १८ वर, ५० वर आणि १३५ वर. चारही कोपरे पडद्यावर मोठे करून बघ. एकच कोपरा धूसर असेल तर ती लेन्स बहुधा कधीतरी पडलेली आहे. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर लागतात खऱ्या, पण फोकस हातानेच करावा लागतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

घरी आणलीस की चामड्याच्या पिशवीत ठेवू नकोस. आपल्या कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने भागतं. रंग बदलला की ते दाणे मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, फक्त त्यासाठी भांडं वेगळं ठेव, स्वयंपाकाची कढई नको.

आणि पैसे देण्याआधी बिलावर लेन्सचा सीरियल नंबर लिहून घे. परत करायची मुदतही तोंडी नको, त्याच बिलावर मागून घे.