सर्पदंश आणि न गोठणारे रक्त

पावसाळ्यात शेतीच्या कामांना वेग येतो आणि त्याबरोबरच सर्पदंशाच्या घटनाही वाढतात. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार व्यक्ती सर्पदंशाने दगावल्या, असा अंदाज एका राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडण्यात आला आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील होते. वेळीच उपचार मिळाल्यास असे अनेक मृत्यू टाळता येतात.

नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर आघात करते. घोणस व फुरसे यांच्या विषाचा रोख मात्र रक्तावर असतो. कोकणातील जांभ्या खडकाच्या सड्यांवर आढळणारे फुरसे आकाराने लहान असते. त्यामुळे त्याच्या दंशाकडे दुर्लक्ष होते आणि तेच जिवावर बेतते.

रक्त का गोठत नाही?

जखम झाली की रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तंतू बनतात व गुठळी तयार होऊन रक्तस्राव थांबतो. या सापांचे विष गोठण्याची ही क्रिया जखमेपुरती न ठेवता सर्व रक्तात एकाच वेळी सुरू करते. काही तासांत फायब्रिनोजेनचा साठा संपतो आणि रक्त पाण्यासारखे पातळ राहते. हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून व लघवीतून रक्त जाऊ लागते. मेंदूत रक्तस्राव झाल्यास मृत्यूही ओढवतो. घोणसाच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो.

वीस मिनिटांची चाचणी

रुग्ण वरवर ठीक दिसत असतानाही रक्तातील बिघाड सुरू झालेला असू शकतो. तो ओळखण्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. शिरेतील दोन ते तीन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात व नंतर नळी एकदा कलती करतात. रक्त ओघळले तर प्रतिविष देणे आवश्यक ठरते. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असल्यास निष्कर्ष चुकतो. पहिली चाचणी निर्दोष आली तरी रुग्णाला घरी न पाठविता चाचणी पुन्हा करावी लागते.

प्रतिविषाचे कार्य

घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविष तयार करतात. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर उपयोगी पडते. प्रारंभी साधारणतः आठ ते दहा कुप्या शिरेतून देतात. मुलांनाही मात्रा तेवढीच लागते, कारण सापाने टोचलेले विष तेवढेच असते. प्रतिविष विष निष्प्रभ करते; गोठण्याचे घटक पुन्हा निर्माण करण्याचे काम यकृताचे असून त्यास सुमारे सहा तास लागतात. म्हणून सहा तासांनी पुन्हा चाचणी घेऊन पुढील मात्रा ठरवितात. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकत असल्याने ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवतात.

गावाची जबाबदारी

रक्त गोठत नसताना दंशाच्या जागी चिरा देणे म्हणजे रक्तस्रावाला वाट करून देणे होय. दोरीने आवळणे व विष चोखणेही घातक आहे. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडता प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. असे जवळचे रुग्णालय कोणते व रात्री वाहन कोणाचे मिळेल, याची माहिती ग्रामपंचायतीने फलकावर लावावी; शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी. प्रतिविष गुणकारी आहे, परंतु रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचला तरच त्याचा लाभ होतो.