घरचे खत

वाळलेला पालापाचोळा पेटवून देणे हे आपल्या गावांतून अजून सर्रास चालते. जमिनीचे सत्त्व धुराबरोबर जाते, आणि मग तोच मनुष्य खताच्या पोत्यासाठी उसनवारी करीत फिरतो!

इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनी कचऱ्याचे खत करण्याची रीत बसविली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिचे मर्म आपल्या परसातही लागू पडते. सावलीत तीन फूट लांबरुंद जागा घ्यावी. तळाशी काटक्या, त्यांवर वीतभर सुका पाला, मग चार बोटे भाजीची देठे, सालपटे व शेण, वर मातीचा पातळ थर व थोडी राख. असेच थर कमरेइतके चढवावे.

नवशिका चुकतो तो पाण्यात. मूठभर माल आवळून पाहावा. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. मी पहिल्या वर्षी रोज घागर ओतली, आणि आठ दिवसांत शेजाऱ्यांनी नाके धरली. दुर्गंधी आली म्हणजे ढीग हवेवाचून गुदमरला असे समजावे, व तो उपसून त्यात सुका पाला मिसळावा. चार-पाच दिवसांत ढीग आतून तापतो. भिऊ नये; त्या उष्णतेने तणाचे बी बहुतेक मरते. दर पंधरवड्याने माल खालीवर करावा. मांस व तेलकट अन्न घालू नये, कुत्री ढीग उकरतात.

तीन-चार महिन्यांनी खत काळे, भुसभुशीत होते व त्यास ओल्या मातीचा वास येतो. तोपर्यंत घाई करू नये. अर्धकच्च्या खताने रोपे पिवळी पडतात.