गाडीचं चाइल्ड लॉक: जेटीवर जाण्याआधी समजून घ्या

मासळी उतरवताना आपण मुलांना गाडीत मागे बसवून ठेवतो. मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी कळ असते. ती लावली की आतलं हँडल चालत नाही. सेंट्रल लॉक उघडं असलं तरी दार फक्त बाहेरून उघडतं.

गाडी पाण्यात गेलीच, तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं दाबून बसतात. दाराशी झटू नका. पट्टे सोडा, लगेच बाजूची काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा. उशीर झाला तर पाण्याने वीज बंद पडून काच अडकू शकते.

म्हणून जेटीवर हँडब्रेक ओढा, गिअर टाका आणि मुलांना गाडीत ठेवूच नका. ती कळ आजच घरच्यांना दाखवा.