आधी समुद्र, मग खोली

लहान बेटावर चार दिवस जायचं ठरलं, की बहुतेक जोडपी शोधाची सुरुवात खोलीपासून करतात. समुद्राकडे उघडणारी बाल्कनी आहे का, पलंगावर फुलांची सजावट करतात का, वाळूवर मेणबत्त्या लावून जेवण मिळतं का, हे आधी विचारलं जातं. मग त्या खोलीला धरून बेट ठरतं, बेटाला धरून बोट आणि शेवटी विमान. माझं ठाम मत आहे, की हा क्रम उलटा हवा. बिघडलेल्या सहलींबद्दल लोक बोलतात तेव्हा खोली वाईट निघाली असं क्वचितच सांगतात. बोट सुटलीच नाही, पाण्यात उतरताच आलं नाही, पोचेपर्यंत अंधार पडला, हेच पुन्हा पुन्हा कानावर येतं. शहरात हॉटेल मनासारखं नसलं तर दुसऱ्या दिवशी बदलता येतं. लहान बेटावर महिना चुकला, किनाऱ्याची बाजू चुकली किंवा परतीची बोट हुकली, तर कितीही पैसे ओतले तरी उपयोग नसतो. म्हणून आधी समुद्र बघावा, मग बेट, मग बेटाची बाजू, आणि खोली सगळ्यांत शेवटी. उदाहरणासाठी अंदमान घेऊ. महाराष्ट्रातून मधुचंद्राला जाणाऱ्यांना ते जवळचं वाटतं, पासपोर्ट लागत नाही, आणि तिथे हा मुद्दा सगळ्या बाजूंनी तपासून बघता येतो.

आपल्याकडे मधुचंद्राचा महिना पंचांग ठरवतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. दुसरी गर्दी वैशाखातली, म्हणजे एप्रिलचा शेवट आणि मे. अंदमानचा समुद्र नेमका याच दोन्ही वेळांना बेभरवशाचा असतो. नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडे जूनमध्ये पोचतो, पण अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारासच दाखल होतो. तो सप्टेंबरात ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. बंगालच्या उपसागरातली कितीतरी चक्रीवादळं याच काळातली. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ‘वरदा’ नावाने चेन्नईवर आदळलेल्या वादळाची सुरुवात अंदमानजवळ झाली तेव्हा हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. बोटी बंद होत्या, आणि त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. त्यांतल्या कितीतरी जणांनी चांगली हॉटेलं निवडली असतील. बोट बंद पडल्यावर सगळे सारखेच अडकले. अंदमानचा समुद्र जानेवारीपासून साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत सर्वांत शांत असतो. मे-अखेरीला किंवा नोव्हेंबरात जाऊच नये असं मी म्हणत नाही. पण तेव्हा जायचं तर आपण पावसाळी समुद्रावर चाललो आहोत हे दोघांनाही आधीच ठाऊक हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: लग्नाची तारीख आणि रजा आमच्या हातात कुठे आहे? खरं आहे. पण महिना हातात नसला तरी समुद्र हातात असतो. थायलंडचंच बघा. फुकेत, क्राबी, फी फी ही पश्चिमेकडची ठिकाणं अंदमान समुद्रावर येतात. त्यांचा चांगला काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. कोह सामुई पूर्वेच्या आखातात आहे. तिथे मुसळधार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मे-जून त्या मानाने निवांत. देश एकच, व्हिसाचे नियमही तेच, पण तुळशीच्या लग्नानंतर लग्न झालेल्यांनी जायची बाजू वेगळी आणि वैशाखातल्यांची वेगळी. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरकारच बंद ठेवतं. वैशाखातलं लग्न असेल तर बालीच्या बाजूचाही विचार करावा. तिथला कोरडा हंगाम एप्रिल-मेपासून सुरू होतो आणि लोंबोकला लागून असलेल्या तीन गिली बेटांवर मोटारगाड्याच नाहीत. माणसं चालतात, सायकलवर किंवा घोडागाडीतून फिरतात. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये वारा वाढतो आणि बालीहून तिकडे नेणाऱ्या बोटी चांगल्याच हेलकावे खातात, हेही धरून चाला. आणि अंदमानच बघायचं मनात असेल, तर लग्नानंतर दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन यावं आणि अंदमान फेब्रुवारीसाठी ठेवावं. मधुचंद्र आठवड्याभरातच उरकला पाहिजे असा काही धर्मशास्त्राचा नियम नाही.

कोकणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मे संपत आला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी होडी पाण्यात लोटत नाहीत. समुद्राला त्याचं स्वतःचं वेळापत्रक आहे हे आपण घरच्या किनाऱ्यावर मान्य करतो. विमानाचं तिकीट काढून लांब गेलो की मात्र तेच विसरतो.

महिना जमला की किनाऱ्याची बाजू. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, नकाशावर एवढंसं दिसतं. पण त्याचे दोन किनारे दोन वेगळ्या स्वभावांचे आहेत. राधानगर पश्चिमेला तोंड करून आहे. लांबरुंद वाळू, उतरती चढती पाण्याची धार आणि समोर सूर्यास्त. बहुतेक हॉटेलं मात्र पूर्वेच्या विजयनगर आणि गोविंदनगरच्या बाजूला आहेत. तिथे भरतीच्या वेळी निळंशार पाणी हॉटेलच्या अंगणापर्यंत येतं आणि जाहिरातीतले फोटोही तेव्हाचेच असतात. ओहोटीला तेच पाणी दूरवर हटतं. उघडे पडतात ते मेलेल्या प्रवाळाचे काळपट दगड, त्यांच्यामधली डबकी, शेवाळ. त्यावरून अनवाणी चालता येत नाही, आणि पोहण्याइतकं खोल पाणी गाठायला बरंच अंतर चालून जावं लागतं. ते दृश्यही सुंदर असतं. खेकडे बघत फिरावं, डबक्यांत डोकावावं. पण ‘खोलीतून उठून थेट समुद्रात’ या कल्पनेने पैसे भरले असतील तर निराशा होते. नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) तर लक्ष्मणपूरची दगडी कमान बघायला ओहोटीच लागते. भरतीत तिथवर पोचता येत नाही. तेव्हा आपण जाणार त्या तारखांची भरती-ओहोटी आधी बघून ठेवावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा मुंबई-कोकणातला जुना हिशोब पुष्कळांना माहीत असतो. तो अंदमानात मात्र चालत नाही. त्या किनाऱ्याच्या वेळा वेगळ्या. तिथलं भरतीचं कोष्टक घ्यावं आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं हे लक्षात ठेवावं. आणखी एक गंभीर गोष्ट. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. राधानगरजवळच्याच एका खाडीसारख्या कोपऱ्यात २०१० साली मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव गेला. जीवरक्षक जिथे जाऊ देत नाहीत तो कोपरा ‘एकांत मिळेल’ म्हणून शोधू नये. दोघांना एकांत हवा असतो हे मला पूर्ण मान्य आहे. तो पहाटेच्या मोकळ्या किनाऱ्यावरही मिळतो.

तिसरी गोष्ट परतीची बोट. लहान बेटाचं सगळं सुख त्याच्या तुटलेपणात आहे, आणि धोकाही त्यातच. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, हॅवलॉकला जायला खासगी बोटीने दीड ते अडीच तास लागतात. वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि त्या रद्द करणारा माणूस योग्यच करत असतो. ज्या दिवशी बेटावरून निघायचं त्याच दिवशी विमान पकडायचं, असा कार्यक्रम आखू नये, एवढंच माझं म्हणणं. विमानाच्या आदली रात्र मोठ्या बेटावर काढावी. ‘म्हणजे एक दिवस फुकट गेला,’ असं लगेच म्हटलं जातं. मला तसं वाटत नाही. एकतर दोघांपैकी कुणी स्कूबा डायव्हिंग करणार असेल, तर शेवटच्या डायव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये हा सुरक्षिततेचा नियम आहे. चोवीस तास ठेवले तर अधिक चांगलं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला तेवढा वेळ लागतो. तो राखीव दिवस असा आपोआप वापरला जातो. दुसरं, पोर्ट ब्लेअरमध्ये सेल्युलर जेल आहे. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू जिथे होते, त्या कोठड्यांसमोर मराठी माणसाने घाईने, हातात बोटीचं तिकीट धरून उभं राहू नये. तिथे अर्धा दिवस द्यावा.

खरं तर फुकट जातात ते दिवस वेगळेच. पाच दिवसांत तीन बेटं बसवणारे कार्यक्रम सर्रास विकले जातात, आणि ‘एवढ्या लांब आलो तर सगळं बघून घेऊ’ हा युक्तिवाद घरातली मोठी माणसंही करतात. हिशोब करून बघा. अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे सूर्य तिथे मुंबईपेक्षा सुमारे ऐंशी मिनिटं आधी उगवतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. सकाळी खोली सोडायची, सामान घेऊन जेटीवर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, बोटीत बसायचं, उतरून गाडी शोधायची, नव्या खोलीत शिरायचं. एवढं होईतो तीन वाजलेले असतात आणि उजेडाचे दोन तास उरतात. बेट बदलायचा प्रत्येक दिवस असाच जातो. चार रात्री असतील तर एकच बेट घ्यावं, फार तर दोन. आणि पहाटे पाचला उठायची तयारी ठेवावी.

‘हे सगळं बघायला एजंट आहे ना’ असंही म्हटलं जातं. चांगला एजंट बरंच बघतो, त्याच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण तो खोली, बोट आणि गाडी जुळवतो; तुमच्यापैकी कोण पाण्याला घाबरतं हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे पोहता न येणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या मते दोघांपैकी ज्याला पाण्याची भीती जास्त, त्याच्या सोयीने बेट निवडावं. एकजण पाण्यात आणि दुसरा किनाऱ्यावर चपला सांभाळत बसलेला, यात सोबत कसली? पोहता न येणाऱ्यांसाठी उघड्या समुद्रापेक्षा खाजण चांगलं. प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते, आत पाणी उथळ आणि स्थिर राहतं. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांना असं खाजण आहे. पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, अगत्तीला उतरणारी विमानं लहान आणि थोडी, आणि बंगाराम वगळता दारूबंदी. परवाना हातात आल्याशिवाय तारखा पक्क्या करू नयेत. मालदीवमध्येही खाजणं आहेत, पण तिथला पेच निराळा. लांबच्या रिसॉर्टवर नेणारं पाण्यावरचं विमान फक्त दिवसा उडतं. संध्याकाळी मालेला उतरलात तर ती रात्र तिथेच काढावी लागते आणि रिसॉर्टवरची भरलेली रात्र वाया जाते. लोकवस्तीच्या बेटांवर घरगुती पाहुणचार स्वस्तात मिळतो, पण तिथे दारू नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच वावरता येतं. शुक्रवारी सरकारी बोटींचा भरवसा धरू नये. ती माणसांची घरं आहेत, त्यांच्या रीतीने राहायचं. हे पटत नसेल तर रिसॉर्टचं बेट घ्यावं, आणि दर विचारताना सेवाशुल्क आणि कर धरून एकूण आकडा किती, हे लेखी मागावं.

खोलीबद्दल शेवटी एवढंच. स्वच्छ चादर, पंखा, मच्छरदाणी आणि दमदार छप्पर असलं की लहान बेटावरची खोली पुरे. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, तेव्हा पायघोळ कपडे आणि मलम बरोबर असू द्या. खोलीत खासगी तरणतलाव असावा असा हट्ट धरू नका. अशा बेटांवर गोडं पाणी फार थोडं असतं आणि तेच पाणी गावालाही प्यायला लागतं.

तारखा हातात आल्या की एजंटला तीनच प्रश्न विचारा: या आठवड्यात तिथला वारा आणि पाऊस साधारण कसा असतो, हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पोहता येतं का, आणि बोट रद्द झाली तर आम्ही विमानाला कसे पोचणार? तिन्हींची नीट उत्तरं मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.